कीबोर्डात भरलेला ढोल

पहिलंच सांगून टाकतो — भूत, करणी, नजर, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. बारामतीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. वायरीत करंट असेल तर आवाज येतो, नसेल तर येत नाही... आयुष्यभर मी एवढ्यावरच जगलो. गिऱ्हाईक यायचं, घाबऱ्या आवाजात म्हणायचं, "रेडिओ आपोआप बोलतो हो, घरात काहीतरी आहे." मी मागचं झाकण उघडून आतलं झुरळ काढून दाखवायचो. असा माणूस मी.

या सदरातले अनुभव सूनबाई मला वाचून दाखवते. मी लिहिलेलं टाईपही तीच करतेय. पण हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आजही बोललं जातं की बिरूतात्या नावाच्या ढोलवाल्यानं देवाचा ढोल ऑर्केस्ट्रावाल्यांना अर्धाच भरून दिला आणि त्यात आपल्या सख्ख्या भाच्याचा जीव घेतला. हे खोटं आहे. आणि हे खोटं माझ्या तोंडून निघालेलं आहे. जे अमानवीय घडलं ते मी सांगणारच आहे, पण मला आधी हे साफ करायचंय. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

सन शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. बारामतीत जब्बारभाईंचा मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, आणि त्याच्या जोडीला एक ऑर्केस्ट्रा. मी लहानपणापासून पेटी वाजवायचो, म्हणून त्यांनी मला कीबोर्डवर बसवलं. सगळे मला मास्तर म्हणायचे. जब्बारभाईंनी पुण्याहून वापरलेला, पण मोठा स्टेज कीबोर्ड आणला होता. काळा, जड, उचलायला दोन माणसं लागायची. त्याच्या पोटात आपल्याला हवा तो आवाज भरता यायचा. माईक लावा, आवाज पकडा, पडद्यावर त्याची सुरुवात-शेवट नेमका कापा, एखाद्या पट्टीवर बसवा. पट्टी दाबली की तोच आवाज.

आजच्या पोरांना यात काही वाटणार नाही. पण तेव्हा मेमरी एवढीशी असायची. थोडे आवाज भरले की पडद्यावर 'मेमरी फुल' यायचं. शिवाय करंट गेला की पोटातलं सगळं पुसलं जायचं. मग फ्लॉपी घालायची, ती कर्र कर्र करत बसायची आणि एकेक आवाज परत आत यायचा. लोडशेडिंगचे दिवस... भर कार्यक्रमात लाईट जायची, आमचा विनोदी नट पुढे होऊन बडबड करत राहायचा आणि मी मागे फ्लॉप्या बदलत बसायचो. "मास्तर, भरला का ओ तुमचा डबा?" असं तो माईकवर विचारायचा आणि पब्लिक हसायचं.

फ्लॉप्या मी कामाप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. एक लावणीची — त्यात घुंगरू, ढोलकी. एक लग्नाची — त्यात सनई, चौघडा. एक विनोदाची. कीबोर्डच्या पट्ट्यांवर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर पेनानं नावं लिहिलेली असायची, म्हणजे घाईत बोट चुकायला नको.

त्या वर्षी जब्बारभाईंच्या डोक्यात आलं की धनगरी गजी ढोलाचा एक आयटम पाहिजे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. इंदापूरच्या बाजूला तो ढोल वाजला की बसलेला माणूस उठतो. पण ढोलवाल्यांचा अख्खा ताफा टेम्पोत घालून गावोगाव नेणं परवडणारं नव्हतं. "एकाचाच ढोल पेटीत भरा, मास्तर," जब्बारभाई म्हणाले. "तुमी हाय न्हवं?"

म्हणून आम्ही कऱ्हाटीला बिरूतात्याकडे गेलो.

बिरूतात्या पन्नाशीचा असेल. वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी जिरायती शेती आणि पडेल ते काम. पण जत्रेच्या दिवसांत त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. अंगणात कडुनिंबाखाली आम्ही कीबोर्ड खाटेवर ठेवला, घरातून वायर ओढली. तात्यानं ढोल गळ्यात अडकवला, त्याला हळद लावली, नमस्कार केला. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मधेच एक कोंबडी ओरडत गेली. मी ऐकवलं तर तीही स्पष्ट ऐकू आली.

बिरूतात्या पोट धरून हसला. "मास्तर, कोंबडी बी भरली व्हय? मंग तुमचं यंत्र आता अंडी बी दील की!"

जब्बारभाई म्हणाले, "दिऊ दे, आमी आमलेट करतो."

मी तो आवाज पुसून टाकला आणि पुन्हा भरायला घेतला. पुसला म्हणजे पुसला, फ्लॉपीवर तो कधी गेलाच नाही. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या वेळी तात्यानं असं वाजवलं की माझ्या अंगावर काटा आला. आधी हळू, मग फिरता ठेका, तोच तोच, पण दर फेरीला अंगाच्या आणखी जवळ येणारा. आणि शेवटी, अगदी वेगळ्या चालीच्या काही जड थापा. त्या वाजवून त्यानं हात ढोलावर सपाट ठेवला.

"ह्यो शेवट ध्यानात ठिवा, मास्तर," तो म्हणाला. "आमच्यात देव अंगात आला की मानूस तलवार खेळतो. सवताच्या अंगावर मारून घेतो. ढोल त्याला धरून असतो, म्हनून लागत न्हाय. वाजवनारा त्याच्याकडं बघत असतो, वाईच काय वंगाळ दिसलं की ह्यो शेवट वाजवायचा. मंग देव उतरतो. शेवट न्हाय पडला तर त्यो खेळतच ऱ्हातो."

"आमच्या स्टेजवर कोण तलवार खेळणार, तात्या?" मी म्हणालो.

"खेळू न्हाय तर न्हाय खेळू. पर शेवटाबिगर ढोल खाली ठिवायचा नसतो."

मी हो म्हणालो. शेवट माझ्या कीबोर्डात भरला होता. मी तो त्याला ऐकवलासुद्धा. त्यानं मान डोलावली, माझ्या कपाळाला भंडारा लावला, आणि त्याच्या बायकोनं आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली.

चूक त्यानंतर झाली. दुकानात बसून मी त्या फ्लॉपीची मांडणी करत होतो. फिरता ठेका मी असा बसवला की एकदा पट्टी दाबली की तो गोल गोल वाजत राहायचा आणि दुसऱ्यांदा दाबली की थांबायचा. उत्तम जमला होता. एवढ्यात जब्बारभाई एक कॅसेट घेऊन आले. आमच्या नटाला त्याच्या बतावणीत बाईच्या खदाखदा हसण्याचा आवाज हवा होता. मी भरायला गेलो तर 'मेमरी फुल'. काय कापायचं ते जब्बारभाईंनी सांगितलं नाही. ते माझं मी ठरवलं. मला वाटलं, ढोल थांबतो तिथं लोक टाळ्याच वाजवतात, शेवट कुणाला ऐकू येणार? मी शेवट कापला. मोकळ्या जागेत हसणं भरलं, आणि ढोलाच्या शेजारच्याच पट्टीवर बसवलं.

आयटम तुफान चालला. शिट्ट्या, फेटे हवेत. शेवटाची आठवण मला एकदाही आली नाही.

मग त्या वस्तीवरची जत्रा आली. भवानीनगरवरून नीरा नदीच्या अंगाला उतरलं की सगळा उसाचा पट्टा लागतो, त्यात ही धनगरांची वस्ती. वस्तीच्या मधोमध देवाचं छोटं देऊळ, पुढे मोकळं मैदान. आमचं स्टेज देवळाच्या समोरच होतं. बॅरलवर फळ्या टाकून बांधलेलं. देवाची पालखी सकाळी नीरेवर आंघोळीला गेली होती, तिच्याबरोबर वस्तीतले सगळे ढोल. पालखी दिवस मावळायच्या आत परत येणार आणि मग देवापुढे तलवार खेळली जाणार. तोपर्यंत दुपारभर लोकांना बसवून ठेवायला आम्ही.

तलवार खेळणारा होता सोपान. बिरूतात्याच्या बहिणीचा, ताराबाईंचा मुलगा. पंचविशीचा, काटक, हसरा. त्या दिवशी त्याचा कडक उपास होता. तरी आमचा कीबोर्ड वर चढवायला तो आणि त्याचा मित्र आले.

"मामाचा ढोल ह्यात हाय म्हनं?" त्यानं कीबोर्डवर टकटक केलं. "मामा म्हनतो, त्याला पेटीत कोंडलाय तुमी."

"ऐकायचाय का?" मी विचारलं.

"आता नगं. आज पालखी येऊस्तोवर वस्तीवर ढोलाचा आवाज काढत न्हाईत. उद्या ऐकवा." असं म्हणून तो देवळात जाऊन बसला.

हे त्यानं मला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

दुपार चढली. ऊन मी म्हणत होतं. गाण्यांवर लोक बसेनात, पोरं उठून रसाच्या गाड्याकडे जायला लागली. जब्बारभाई विंगेतून माझ्याजवळ आले. "मास्तर, मैदान मोकळं व्हाया लागलंय. ढोल लावा."

"इथं ढोल वाजवत नाहीत आज. तो पोरगा म्हणाला."

"आरं, ढोल कुठाय हितं? ना चामडं, ना लाकूड. प्लास्टिकची पेटी हाय ही. हिला कसलं सोवळं-ओवळं?"

खरं सांगतो, मला ते पटलं. मी रेडिओ मेकॅनिक. माझ्या लेखी तो ढोल नव्हताच, ढोलाच्या आवाजाची नक्कल होती. फ्लॉपी आत होती. मी पट्टी दाबली.

मैदान जागच्या जागी थांबलं. रसाच्या गाड्याकडे निघालेली माणसं वळली. म्हातारे उभे राहिले, पण आनंदानं नाही. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. ठेका दोन-तीन फेऱ्या फिरला असेल नसेल... देवळातून एक किंकाळी आली आणि सोपान बाहेर आला. उघडा, कपाळभर भंडारा, हातात देवाची तलवार. डोळे वर गेलेले. सकाळचा तो पोरगा त्या चेहऱ्यात कुठेच नव्हता.

त्याला वाट द्यायला लोक सरकले. तो नाचत स्टेजच्या पुढ्यात आला आणि तलवार पोटावर मारून घेतली. आवाज झाला, पण रक्त नाही. लोकांनी देवाच्या नावानं चांगभलं केलं. पुन्हा मारली. रक्त नाही. जब्बारभाई मला खुणावत होते — चालू द्या, चालू द्या. मीही चालू दिला. गर्दी धावत परत येत होती ना.

मग ठेका आणि त्याची पावलं यांत फट पडायला लागली. ढोलवाला असता तर त्यानं ताल त्याच्याकडे ओढून घेतला असता. माझा ठेका कुणाकडेच बघत नव्हता. तिसऱ्या का चौथ्या वेळी तलवार पोटावर पडली आणि कातडी उघडली. पांढरी, आणि मग लाल. सोपान थांबला नाही. त्यानं डाव्या हातावर मारली. मनगटाच्या वर. हाड दिसलं. त्याला धरायला एक जण पुढे झाला, त्याच्या खांद्यात तलवार घुसली आणि तो ओरडत मागे पडला. दुसऱ्याचा कान गेला. बायका पोरांना उचलून पळायला लागल्या. सोपान पुन्हा पोटावर मारत होता. त्याच त्याच जागेवर.

मैदानाच्या कडेनं बिरूतात्या धावत येत होता. तो जत्रेसाठी बहिणीकडे आला होता, त्याचा ढोल पालखीबरोबर नीरेवर गेलेला. धोतर सावरत, लोकांना ढकलत तो ओरडत होता, "मास्तर! शेवट वाजवा! शेवट वाजवा, सोडवा त्येला!"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. वाजवायला माझ्याकडे शेवट नव्हता.

निदान थांबवावं म्हणून मी घाईत बोट मारलं, ते शेजारच्या पट्टीवर पडलं. ढोलावरून एक बाई स्पीकरमधून खदाखदा हसली. सोपान रक्तात उभा होता आणि ती हसत होती... ते हसणं अजून माझ्या कानात आहे. मग मला योग्य पट्टी सापडली. दाबली. ढोल थांबला नाही. पुन्हा दाबली. नाही. मी मागे वाकून प्लग खेचून काढला. पडदा विझला. जब्बारभाईंनी ओरडून जनरेटर बंद करायला लावला. त्याची घरघर थांबली, अँप्लिफायरचे दिवे गेले, वर फिरणारा पंखा हळूहळू थांबला.

आणि ढोल वाजत होता.

स्पीकरमधून नाही. मी स्पीकरच्या तोंडाला हात लावला, तो थंड होता, कापत नव्हता. आवाज फळ्यांखालून येत होता, मैदानातून येत होता, माझ्या छातीतून येत होता, नेमकं सांगता येत नाही. तोच ठेका. तोच हात. आणि त्या ठेक्यात, दर फेरीला, एक कोंबडी ओरडत होती. कऱ्हाटीच्या अंगणातली. मी स्वतः पुसलेली.

बिरूतात्या स्टेजवर चढला. त्यानं मला बाजूला ढकललं आणि दोन्ही हातांनी कीबोर्डवर त्या शेवटाच्या थापा घातल्या. मेलेल्या कीबोर्डवर, नुसत्या मुठींनी. पट्ट्या उडाल्या, प्लास्टिक त्याच्या हातात घुसलं. तो वाजवत राहिला, शेवटपर्यंत, आणि तळहात सपाट टेकवला.

ढोल थांबला. अख्ख्या मैदानात नुसतं रडणं उरलं. सोपान गुडघ्यावर बसला, तलवारीकडे बघितलं, "आये" म्हणाला आणि कलंडला.

त्याला चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. ताराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. जीप भवानीनगर ओलांडायच्या आत तो गेला, हे आम्हाला नंतर कळलं.

जीप निघाली आणि मैदानातल्या माणसांनी स्टेजला वेढा घातला. हातात काठ्या, मांडवाच्या पहारी. त्यांनी काय पाहिलं होतं? बिरूतात्या वर चढला, त्यानं काहीतरी वाजवलं आणि सोपान पडला. कुणीतरी ओरडलं, "ह्येचाच ढोल! ह्येनंच भरून दिलाय!" त्याला केसाला धरून खाली ओढला. लाथा, काठ्या. तो ओरडत नव्हता, एवढंच म्हणत होता, "आरं, शेवट दिला व्हता रं... आरं, दिला व्हता."

वस्तीतला एक म्हातारा पुढे आला, सगळ्यांना थांबवलं. माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, खरं बोला. ह्यानं शेवट भरून दिला व्हता का न्हाय?"

जब्बारभाई माझ्या आडोशाला सरकले होते. समोरच्या पोराच्या हातातल्या पहारीला माती लागलेली होती. बिरूतात्यानं खालून माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. त्याला खात्री होती की मी हो म्हणणार.

"नाही," मी म्हणालो. "त्यानं एवढाच दिला होता."

त्यांनी त्याचा उजवा हात फळीच्या कडेवर धरला. पहार दोनदा पडली. ढोलावर पडणाऱ्या थापेपेक्षा तो आवाज लहान होता.

पोलिसांनी अंगात आलेल्या माणसाच्या हातून झालेला प्रकार म्हणून कागद केले. मी तेच 'एवढाच दिला होता' तिथंही सांगितलं. बिरूतात्यानं परत कधी ढोल वाजवला नाही, वाजवणं शक्यच नव्हतं. ताराबाईंनी भावाचं तोंड बघायचं सोडलं. जब्बारभाईंनी ऑर्केस्ट्रा मोडला. ते आता नाहीत. बिरूतात्याही गेला. बहिणीच्या दारातून परत फिरवलेला भाऊ म्हणून गेला.

प्लग काढल्यावर ढोल कसा वाजला यावर मी किती वर्षं डोकं घातलं असेल ते मलाच माहीत. बंद केल्यावर अँप्लिफायरमध्ये थोडा करंट साठून राहतो, आवाज एखादा श्वासभर ओढला जातो. एवढा वेळ नाही. कीबोर्डाची मेमरी करंटशिवाय रिकामी होते, त्यात ढोलच नव्हता. वस्तीचे ढोल नीरेकाठी होते. तिथल्या लोकांना मी नंतर विचारलं, ते त्या वेळी जेवायला बसले होते, ढोल झाडाखाली उतरवून ठेवलेले. सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर कोंबडीचं काय? ती वस्तीवरच्यांनीही ऐकली होती, आणि कऱ्हाटीच्या अंगणातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तिथं होतो त्या आमच्याशिवाय कुणालाच नव्हतं. इथं माझी अक्कल संपते.

गेल्या महिन्यात सुनेला घेऊन मी ताराबाईंकडे गेलो. आता त्या खूप थकल्यात, पण कान शाबूत आहेत. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मेमरी फुल म्हणजे काय हे त्यांना कळलं नसेल, पण कापला हे कळलं.

मग म्हणाल्या, "त्यो आला व्हता माझ्या दारात. हात असा वाकडा. म्हनला, तारे, म्या दिला व्हता शेवट. म्या म्हनलं, मंग मास्तर खोटं बोलला व्हय? तर म्हनला, मास्तर भ्याला असंल गं. त्येच्यासमूर पहार व्हती."

मला वर बघवलं नाही.

"म्या दार लावून घेतलं," त्या म्हणाल्या. "मला एकलीला सांगून काय उपेग, मास्तर? चार मानसांत त्येला खोटा पाडलासा, चार मानसांत सांगा."

म्हणून मागच्या रविवारी मी त्या देवळापुढे उभा राहिलो. वस्ती आता बदललीय, सिमेंटचा रस्ता, दारात ट्रॅक्टर. त्या दिवशी मैदानात असलेले थोडेच उरलेत. बाकी सगळी तरुण मंडळी, कुणी मोबाईल पुढे धरलेला. मी सांगितलं की बिरूतात्यानं शेवट भरून दिला होता, मी तो कापला, आणि विचारल्यावर खोटं बोललो. मी वाट पाहत होतो. मारतील, थुंकतील, काहीतरी करतील. कुणी काही केलं नाही.

एक पोरगा म्हणाला, "पर आबा, वायरीची पिन काढल्यावर बी ढोल वाजत व्हता, ह्ये खरं हाय का?"

"होय," मी म्हणालो. "वाजत होता."

"कसा काय?"

"मला माहीत नाही."

"स्पीकर दुसरीकडं जोडला असंल," दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला, "न्हाय रं, देव हाय त्यो." आणि त्यांचं आपसात सुरू झालं. करंट, जनरेटर, कोंबडी, देवाचा कोप... सगळे एकदम बोलायला लागले. कुणी हसलंसुद्धा. मी मधेच उभा. बिरूतात्याचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

ताराबाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हातातली काठी फरशीवर आपटली.

"ढोलाचं ऱ्हाऊ द्या!" त्या ओरडल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "माझ्या भावाचं काय म्हनलासा, त्ये परत सांगा. मोठ्यानं."

मी परत सांगितलं. मोठ्यानं सांगितलं.